फ्रॅना: हुस्तादविकाच्या काठाने पाच दिवस

नॉर्वेच्या आजच्या नकाशावर फ्रॅना नगरपालिका सापडत नाही. १ जानेवारी २०२० रोजी ती शेजारच्या ऐदेशी एकत्र झाली आणि दोघींची मिळून हुस्तादविका नगरपालिका तयार झाली. हुस्तादविका हे मुळात इथल्या उघड्या, खडकाळ समुद्रपट्ट्याचं नाव. त्याच सुमारास देशभर अशी बरीच विलीनीकरणं झाली आणि नगरपालिकांची संख्या ३५६ वर आली. तिकडची नगरपालिका म्हणजे एखादं शहर नव्हे. आपल्या तालुक्यासारखा मुलूख असतो, त्यात गावं, कुरणं, डोंगर, बेटं सगळं येतं. फ्रॅनाचं क्षेत्रफळ ३७० चौरस किलोमीटरच्या आसपास होतं आणि वस्ती दहा हजारांच्या थोडी आत. १९६४ मध्ये बुद आणि हुस्ताद या दोन किनारी नगरपालिका तिच्यात आल्या होत्या, म्हणजे एकत्रीकरण इथे नवं नाही.

जवळच्या मोल्दे शहरात येणारे बहुतेक पर्यटक समुद्रावरच्या पुलांवरून जाणाऱ्या अटलांटिक रोडचे फोटो काढून त्याच दिवशी परततात. फ्रॅना त्यांना गाडीच्या काचेतून दिसतं. खरं तर नॉर्वेचा किनारा कशावर जगतो हे समजून घ्यायला यासारखी जागा नाही. दूध, संगमरवर, कॉड आणि सामन मासे हे सगळं तासाभराच्या अंतरात आहे, आणि प्रत्येक धंदा कुठे थाटायचा हे समुद्रापासून आडोसा किती मिळतो यावर ठरलेलं आहे.

जूनचा उत्तरार्ध ते ऑगस्टचा मध्य हा काळ चांगला. अक्षांश जवळपास ६३ उत्तर. मध्यरात्रीचा सूर्य दिसत नाही, पण जूनमध्ये रात्रभर वाचता येईल इतका उजेड असतो. शेंगेन व्हिसा चालतो. ओस्लोहून मोल्देला तासाभराच्या आतलं विमान आहे. रेल्वेने यायचं तर ओस्लो–दोम्बोस–ओन्दाल्सनेस आणि तिथून बस. तो साडेपाच-सहा तासांचा रेल्वेप्रवास स्वतःच पाहण्यासारखा आहे. पुढे मात्र भाड्याची गाडी हवीच. बसेस आहेत, पण त्यांचं वेळापत्रक शाळा आणि कारखान्यांच्या वेळांवर बेतलेलं असतं. उन्हाळी सुट्टीत आणि शनिवार-रविवारी फेऱ्या इतक्या कमी होतात की एक बस चुकली की दिवस गेला.

पहिला दिवस: मोल्दे ते एल्नेसवोगेन

मोल्देहून ६४ क्रमांकाचा रस्ता धरला की काही मिनिटांत तुसेन बोगदा लागतो. लांबी पावणेतीन किलोमीटर, १९९१ पासून वापरात. तो होण्याआधी मधला डोंगर चढून किंवा वळसा घालून जावं लागे. बोगद्यानंतर फ्रॅनाची माणसं मोल्देत नोकरीला सहज जाऊ-येऊ लागली. किनाऱ्यावरची बरीच खेडी ओस पडत असताना फ्रॅनाची लोकसंख्या टिकली, त्यामागे या बोगद्याचा मोठा हात आहे.

बोगद्यातून बाहेर पडल्यावर नजरेत भरतो तो सपाटपणा. मागे सरळसोट डोंगर आणि त्यांच्या पायथ्याशी समुद्रापर्यंत पसरलेली सखल पट्टी. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्याचं हे खास भूरूप. हिमनद्या, गोठणं-वितळणं आणि लाटा यांनी मिळून कातळ झिजवत समुद्रसपाटीजवळ आणला. ही पट्टी किनाऱ्याशी संपत नाही, पाण्याखाली तशीच पुढे जाते आणि हजारो खडकांच्या रूपाने डोकं वर काढते. हिमयुग संपल्यावर बर्फाचं ओझं उतरलं आणि जमीन वर आली, त्यामुळे जुन्या समुद्रतळाची चिकणमाती आणि शिंपल्यांची वाळू आज शेताखाली आहे. उरलेल्या सखल भागात दलदल होती. चर खणून पाणी काढलं आणि कुरणं केली.

त्या कुरणांवर गवत पिकतं. धान्याला लागणारा कोरडा, उबदार हंगाम इथे मिळत नाही, गवताला मात्र पाऊस आणि लांब दिवस मानवतात. उन्हाळ्यात साधारण दोन कापण्या होतात. गवत वाळवायला सलग ऊन मिळत नाही, म्हणून ते थोडं कोमेजवून गोल गठ्ठ्यांत घट्ट दाबतात आणि वर प्लास्टिक गुंडाळतात. हवा आत गेली नाही तर आंबून मुरघास तयार होतो. प्लास्टिकला कावळ्याने चोच मारली किंवा गठ्ठा उचलताना फाटला, की त्या भोकापासून बुरशी पसरते आणि गठ्ठा फेकावा लागतो. रस्त्याकडेला दिसणारे ते पांढरे, हिरवे, गुलाबी गोळे म्हणजे गाईंची हिवाळ्याची बेगमी.

दूध जातं एल्नेसवोगेनच्या टीने डेअरीत. तिथे यार्ल्सबर्ग चीज बनतं. ओस या गावच्या कृषी महाविद्यालयात १९५० च्या दशकात हे चीज आजच्या रूपात विकसित झालं. साधारण दहा लिटर दुधातून एक किलो चीज निघतं. चीजच्या गोल चक्क्या आधी थंडीत ठेवतात, मग काही आठवडे विसेक अंशांच्या उबदार खोलीत. त्या उबेत प्रोपिऑनिक जिवाणू कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि चीजला भोकं पडतात. ऊब लवकर मिळाली किंवा दुधात नको ते जिवाणू शिरले, तर भोकांऐवजी चिरा जातात आणि चक्की फुगते. जागतिक व्यापार संघटनेच्या २०१५ च्या नैरोबी निर्णयानुसार नॉर्वेला शेतमालाचं निर्यात-अनुदान २०२० अखेर थांबवावं लागलं. परदेशी बाजारासाठीचं यार्ल्सबर्ग त्यामुळे आयर्लंडमधल्या कारखान्यात बनू लागलं. डोंगराआडच्या गोठ्यातल्या गाईचा हिशेब नैरोबीत कसा ठरतो, याचा हा ठसठशीत नमुना.

एल्नेसवोगेन ही फ्रॅनाची राजधानी होती आणि हुस्तादविकाचीही आहे. मुक्काम इथेच करावा. दुकानं, पेट्रोल, चार्जिंग, औषधं सगळं मिळतं. रविवारी मोठी किराणा दुकानं बंद असतात, तेव्हा भाजीपाला शनिवारीच भरून ठेवावा. शाकाहारी माणसाने चहाचा मसाला, तांदूळ-डाळ आणि लहान कुकर सोबत ठेवला तर स्वयंपाकघर असलेल्या खोलीत पाच दिवस सुखाने निघतात. किनाऱ्यावरच्या खानावळींत बिनमाशाचं जेवण फारसं नसतं. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे. रोख नोटा बाळगायची फारशी गरज पडत नाही.

संध्याकाळी गावाच्या धक्क्याकडे जावं. फ्रेनफ्योर्द या खाडीच्या काठाला उभ्या उंच टाक्या आणि त्यांना लागलेलं टँकर जहाज दिसेल. हा ओम्या कंपनीचा हुस्तादमार्मोर कारखाना. संगमरवर इथून लाद्यांच्या रूपात जात नाही, पातळ करून जातो. कारखाना पर्यटकांना फिरवून दाखवत नाहीत, पण आत काय चालतं हे माहीत असलं की बाहेरूनही वाचता येतो.

दगड आधी फोडतात, मग रंगावरून काळपट तुकडे वेगळे काढतात. पुढे दळण आणि प्लवन: पाण्यात बुडबुडे सोडून रसायनांच्या मदतीने ग्रॅफाइट, गंधकयुक्त खनिजं आणि सिलिकेट फेसाबरोबर वर आणतात आणि काढून टाकतात. हे जमलं नाही तर पांढरेपणा जातो, आणि ग्राहक पैसे देतो ते पांढरेपणाचेच. नंतर ओल्या गिरण्यांत बारीक दळण. कागदावर चढवायच्या उत्तम प्रतीत ९० टक्के कण २ मायक्रॉनहून बारीक असतात. शेवटी उरतो दाट दुधासारखा द्रव, वजनाने सुमारे तीन चतुर्थांश दगड आणि एक चतुर्थांश पाणी. इतका दगड असूनही तो नळीतून वाहतो, कारण त्यात टाकलेलं विखुरक द्रव्य कणांना एकमेकांना चिकटू देत नाही. त्याचं प्रमाण चुकलं किंवा टाकीतली रवी थांबली की कण तळाशी बसतात आणि टाकी हाताने खरवडावी लागते. गुळगुळीत मासिकाच्या पानाची चकाकी अशा द्रवाच्या लेपातून येते. युरोपातल्या कागदगिरण्यांनी आम्लयुक्त प्रक्रिया सोडून अल्कधर्मी प्रक्रिया धरली तेव्हा चुनखडीचा (संगमरवर हे तिचंच रूप) असा वापर शक्य झाला. आम्लात चुनखडी विरघळून जाते.

कच्चा माल सगळा इथला नाही. मोठा वाटा उत्तरेच्या ब्रोन्नॉय भागातल्या खाणीतून जहाजाने येतो. त्या खाणीतून क्रशरपर्यंतचे पाच किलोमीटर, बोगद्यांसकट, विनाचालक ट्रकांनी पार करायची व्यवस्था झाली आहे. एल्नेसवोगेनचं बलस्थान दगडापेक्षा बंदरात आहे: खोल पाणी, वर्षभर न गोठणारी खाडी आणि मोकळ्या समुद्रापासून पुरता आडोसा. दुसरी बाजूही सांगायला हवी. प्लवनातून उरलेला बारीक गाळ फ्योर्दच्या तळाशी सोडला जातो. त्यावरून मच्छीमार आणि पर्यावरणवाद्यांचे आक्षेप वर्षानुवर्षं चालू आहेत आणि परवाना अटींनी बांधलेला आहे. गाळ जिथे बसतो तिथला तळ गाडला जातो, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो किती पसरतो आणि सोबत कोणती रसायनं जातात यावर.

दुसरा दिवस: ट्रोलचिर्क्या

हाच संगमरवर डोंगराच्या पोटात पाहायचा तर मोल्दे–ऐदे रस्त्यावरच्या ट्रोलचिर्क्या गुहा गाठाव्यात. ६४ क्रमांकाच्या रस्त्याला लागूनच गाड्या लावायची जागा आहे. तिथून वर सुमारे अडीच किलोमीटर चढ, सवयीच्या माणसाला सव्वा तास, इतरांना दीड-दोन. अंतर कमी दिसतं म्हणून फसू नये. वाट बहुतेक ठिकाणी खडी आहे आणि पावसानंतर मुळं आणि दगड शेवाळाने निसरडे होतात.

प्रत्येकाच्या डोक्याला स्वतंत्र विजेरी हवी. मोबाईलचा उजेड चालत नाही, कारण गुहेत दोन्ही हात लागतात. घोट्यापर्यंतचे बूट, मोज्यांचा जादा जोड आणि हातमोजे घ्यावेत. आतला दगड उन्हाळ्यातही बर्फासारखा गार असतो. तीन गुहा आहेत. खालची सुमारे ७० मीटर लांब. तिच्यातून ओढ्याच्या काठाने, कधी ओढ्यातूनच, पुढे सरकलं की १४ मीटरचा धबधबा पांढऱ्या संगमरवरी कुंडात कोसळताना दिसतो. विजेरीचा झोत भिंतीवर तिरपा धरावा. सरळ धरला तर सगळं सपाट पांढरं दिसतं. तिरपा धरला की राखाडी पट्टे, पाण्याने घासून केलेल्या वाट्या आणि मधूनच कठीण दगडाच्या बाहेर राहिलेल्या धारा स्पष्ट होतात. चाळीसेक कोटी वर्षांपूर्वी डोंगर घडताना चुनखडी दाब-उष्णतेखाली भाजून संगमरवर झाली. आसपासचा कठीण दगड टिकला आणि संगमरवर आम्लट पाण्यात विरघळत गेला.

जूनच्या सुरुवातीला वाटेवर बर्फ असू शकतो. जोराच्या पावसात आत जाऊ नये, ओढा पाहता पाहता चढतो. खाली आल्यावर दुपार शिल्लक राहिली तर येन्देम डोंगराचा चढ करण्यापेक्षा आराम करावा. पुढचे दिवस वाऱ्याचे आहेत.

तिसरा दिवस: हारॉय आणि ब्योर्नसुंद

एल्नेसवोगेनहून उत्तर-पश्चिमेला हारॉयसुंदकडे जाताना इन्द्रे हारॉय इथे प्रचंड गोल टाक्या दिसतात. हे सामन एव्होल्यूशन या कंपनीचं जमिनीवरचं मत्स्यपालन केंद्र. बांधकाम २०२० मध्ये सुरू झालं, २०२२ च्या मार्चमध्ये पहिली पिल्लं सोडली. पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला सुमारे ७,९०० टन, वाढीच्या टाक्या बारा, प्रत्येकी ५,००० घनमीटर.

नॉर्वेत सामन समुद्रातल्या जाळ्यांत वाढवतात, मग इथे जमिनीवर का, हा प्रश्न पडतो. कारण आहे सामनची ऊ. माशाच्या कातडीवर जगणारा हा कवचधारी परजीवी जाळ्यातून जाळ्यात आणि तिथून नदीतून समुद्राकडे निघालेल्या रानटी पिल्लांवर जातो. सरकारी मर्यादा एका माशामागे सरासरी अर्ध्या प्रौढ मादी उवेची. वसंतात रानटी पिल्लं समुद्रात उतरतात तेव्हा ती आणखी कडक होते. २०१७ पासून किनाऱ्याचे १३ उत्पादन-विभाग पाडले असून उवांच्या प्रमाणावरून प्रत्येक विभागाला हिरवा, पिवळा किंवा लाल दिवा मिळतो. हिरव्यात उत्पादन वाढवता येतं, लाल विभागात कमी करावं लागतं. पाचवा विभाग स्टाडपासून हुस्तादविकापर्यंत आणि सहावा तिथून पुढे. सीमा इथेच आली, कारण मोकळ्या हुस्तादविकात जाळी टिकत नाहीत, आणि दोन बाजूंच्या शेतांत रुंद फट राहत असल्याने एकीकडची ऊ दुसरीकडे कमी पोचते. शिवाय जमिनीवरच्या परवान्याला समुद्रातल्यासारखी प्रचंड रक्कम मोजावी लागत नाही आणि २०२३ पासून लागू झालेला सामनवरचा विशेष कर फक्त समुद्रातल्या वाढीवर आहे.

या केंद्रात पाणी पूर्ण फिरवत नाहीत. साधारण दोन तृतीयांश पाणी स्वच्छ करून परत वापरतात, बाकीचं ताजं समुद्रजल सतत आत येतं. ते वेगवेगळ्या खोलीवरून ओढतात आणि वरचं-खालचं मिसळून तापमान राखतात. खोलवरच्या पाण्यात उवांची पिल्लं नसतात. पूर्ण फेरवापराच्या टाक्यांत एक मोठा धोका असतो: गाळ कुठे साचून राहिला आणि प्राणवायू संपला की समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटपासून जिवाणू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात आणि अख्खी टाकी काही तासांत मरते. ताज्या पाण्याचा ओघ हा धोका कमी करतो, पण पंपांची वीज वाढते. पंप थांबला तर माशाकडे मिनिटंच असतात, म्हणून प्राणवायूची पर्यायी सोय ठेवावीच लागते. ज्याला समुद्राचं पाणी उपसायचंय पण समुद्राचा मार नकोय, त्याच्यासाठी ही जागा अचूक निवडली आहे.

हारॉयसुंदच्या धक्क्यावरून उन्हाळ्यात ब्योर्नसुंदला बोट जाते. वेळा आदल्या दिवशी पाहाव्यात, आणि वारा जोराचा असेल तर परतीची बोट रद्द होऊ शकते हे धरून पुढच्या दिवसाचं आरक्षण ठेवू नये. बेटावर दुकान असेल अशा भरवशावर जाऊ नये. पाणी, खाणं, वाऱ्याचा कोट सोबत हवा.

ब्योर्नसुंद हा बेटांचा गट, एकेकाळी या किनाऱ्यावरचं मोठं मच्छीमार ठाणं. शेकडो माणसं राहत, शाळा होती, प्रार्थनाघर होतं. माणसं इथे का राहिली याचं उत्तर सोपं आहे: वल्ह्याच्या आणि शिडाच्या बोटीला मासळीपासून जवळ राहावंच लागतं. फेब्रुवारी ते एप्रिल अंड्यांवरचा कॉड किनाऱ्याजवळ येई आणि इथून वल्हवत तासा-दोन तासांत जाळ्यावर पोचता येई. इंजिनं आली, बोटी मोठ्या झाल्या, तशी दूरच्या बंदरातून येऊन मासळी धरणं परवडू लागलं. मोठ्या बोटींना बेटावरचं बंदर अपुरं पडू लागलं. वीज, रस्ता, डॉक्टर यांची तुलना मुख्य भूमीशी होऊ लागली. १९६० च्या दशकाअखेरीस सोनार आणि यांत्रिक कप्पीने होणाऱ्या बेसुमार मासेमारीमुळे नॉर्वेची हेरिंग कोसळली, तो काळही हाच. सरकारने स्थलांतराला अनुदान दिलं आणि १९७० च्या आसपास कायमची वस्ती उठली.

घरं मात्र पाडली नाहीत. बहुतेक आता उन्हाळी घरं आहेत, रंगवलेली, पडदे लावलेली. फिरताना अंगणातून जाऊ नये. पाहण्यासारखं म्हणजे वखारींची मांडणी: सगळ्यांची तोंडं आतल्या सामुद्रधुनीकडे आणि पाठ पश्चिमेला, आणि खाली भरती-ओहोटीच्या दोनेक मीटर फरकासाठी दगडी पाये. आतली बाजू शांत असताना बेटाच्या पश्चिम टोकाला जाऊन उभं राहावं. दोनशे-तीनशे पावलांत समुद्राचा आवाज बदलतो. ब्योर्नसुंदचं दीपगृह १८७१ चं.

चौथा दिवस: बुद

बुद हे मुख्य भूमीचं शेवटचं टोक. दक्षिणेला बेटांच्या आडोशातला जलमार्ग संपतो, उत्तरेला उघडा हुस्तादविका सुरू होतो. बर्गेन-त्रोन्दहाइम ये-जा करणारं प्रत्येक शिडाचं जहाज इथे वारा पडायची वाट पाहत थांबे आणि थांबलेल्या जहाजांभोवती बाजार वाढला. सोळाव्या-सतराव्या शतकांत बर्गेन आणि त्रोन्दहाइमच्या दरम्यानचं हे मोठं व्यापारी ठाणं होतं. १५३३ मध्ये डेन्मार्क-नॉर्वेचा राजा फ्रेडरिक पहिला मरण पावल्यावर आर्चबिशप ओलाव एंगेलब्रेक्त्सोन यांनी नॉर्वेच्या राजमंडळाची बैठक बोलावली ती बुदलाच. पुढे तीन-चार वर्षांत ते राजमंडळच संपलं आणि नॉर्वे डेन्मार्कच्या हाताखाली गेलं.

गावामागच्या टेकडीत एर्गान हा जर्मनांनी दुसऱ्या महायुद्धात खोदलेला तटदुर्ग आहे. आता संग्रहालय. कातळात कोरलेल्या खोल्या, तोफांची ठाणी, खंदक. आत जाण्यापूर्वी वर चढून समुद्र पाहावा, म्हणजे तोफा इथेच का ठेवल्या ते कळतं: जहाजांना आडोसा सोडून उघड्यावर यावंच लागतं.

बुदचा जुना माल म्हणजे क्लिपफिस्क, खारवून सुकवलेला कॉड. कोकणात बोंबील नुसत्या उन्हा-वाऱ्यावर दांडीला टांगून वाळतात. इथे हवा दमट, ऊन कमी, म्हणून आधी मीठ आणि मग वाळवण. डोकं काढायचं, मासा पोटाकडून उघडायचा, मणक्याचा पुढचा सुमारे दोन तृतीयांश भाग काढून टाकायचा, रक्ताचा थेंब राहू द्यायचा नाही, कारण तिथूनच पिवळं पडायला सुरुवात होते. मग मीठ आणि मासा थरावर थर. काही दिवसांनी वरचे खाली, खालचे वर करून पुन्हा रचायचे, म्हणजे सगळ्यांवर सारखा दाब येतो. तीनेक आठवड्यांनी मीठ मुरतं. त्यानंतर पूर्वी किनाऱ्याच्या घासलेल्या सपाट कातळावर मासे पसरत. पाऊस दिसला की गोळा करून गोल ढीग रचायचे आणि वर झाकण. हे काम बायका-मुलांचं असे. उन्हाची तिरीप फार कडक लागली तर वरचा थर शिजल्यासारखा होऊन सुटतो, म्हणून ढगाळ, वाऱ्याचा दिवस सर्वांत चांगला. आता बंद खोलीत पंख्याखाली, विसेक अंशांवर वाळवतात. साठवण उबदार आणि दमट झाली की दोन रोग येतात: मिठातच वाढणारे जिवाणू मासा गुलाबी करतात, आणि एक बुरशी तपकिरी ठिपके पाडते. गुलाबी पडलेला मासा घेऊ नये.

विकत घेतलात तर शिजवण्यापूर्वी एक-दोन दिवस थंड पाण्यात भिजत ठेवावा, पाणी तीन-चार वेळा बदलावं, आणि भांडं फ्रीजमध्येच असावं. बाहेर ठेवला तर कडा मऊ पडतात आणि मधला जाड भाग खारटच राहतो. बटाटा, कांदा, टोमॅटो आणि ऑलिव्ह तेलातलं बाकालाव इथे घरोघर होतं. ती चव पोर्तुगाल-स्पेनच्या व्यापारातून परत आलेली आहे.

धक्क्यावरून गळ टाकायला परवाना लागत नाही. ६२ अंश उत्तरेच्या वर कॉड ४४ सेंटीमीटरपेक्षा लहान ठेवता येत नाही, हॅलिबट ८४ पेक्षा लहान नाही. मोजपट्टी खिशात असावी. नदी-तळ्यातल्या मासेमारीला मात्र वेगळा परवाना लागतो.

पाचवा दिवस: हुस्तादविकाच्या काठाने वेवांगपर्यंत

बुद ते कोरवोग हा ३६ किलोमीटरचा रस्ता राष्ट्रीय निसर्गरम्य मार्ग आहे. बुदच्या जवळच शेक्सा इथे थांबावं, तिथून पायऱ्या थेट खाली खडकांत उतरतात. पुढे फारस्तादला पांढऱ्या वाळूचा लांब किनारा आहे. वाळूच्या टेकड्या संरक्षित आहेत, आखलेल्या वाटेनेच जावं, पक्ष्यांच्या विणीच्या दिवसांत तर नक्कीच. पाणी जुलैमध्येही थंडगार असतं. आत जाताना लाटेची ओढ आधी काठावरून पाहावी.

आस्केवोगेनला बंधाऱ्याच्या टोकावर काचेच्या भिंतींची लहानशी माची आहे. हुस्तादविका नीट समजून घ्यायची ती जागा. नॉर्वेच्या किनाऱ्यावर बहुतेक ठिकाणी बाहेर बेटांची रांग असते आणि जहाजं तिच्या आतून जातात. इथे सुमारे दहा सागरी मैलांत ती रांगच नाही. मात्र पाण्याखालची ती सपाट पट्टी आहे, उथळ आणि खडकांनी भरलेली. खोल समुद्रातून आलेली लांब लाट उथळ पाण्यात शिरली की तिचा वेग कमी होतो, मागची लाट जवळ येते, उंची वाढते, उतार तीव्र होतो आणि शेवटी ती किनाऱ्यापासून बरीच दूर, भर समुद्रात फुटते. वायव्येचा वारा आणि विरुद्ध प्रवाह एकत्र आले की आणखी वाईट. शांत दिवशीही निळ्या पाण्यात एकाच जागी पुन्हा पुन्हा पांढरा फेस उठताना दिसला, तर तिथे पाण्याखाली खडक आहे.

२३ मार्च २०१९ रोजी व्हायकिंग स्काय हे प्रवासी जहाज वादळात इथून दक्षिणेला जात असताना त्याची सगळी चालू इंजिनं एकापाठोपाठ बंद पडली. जहाजावर १,३७३ माणसं होती. चौकशीत कारण निघालं ते वंगणतेलाचं. टाक्यांत तेल शिफारशीपेक्षा बरंच कमी होतं. जहाज हेलकावलं की तेल एका बाजूला जाई, उपसणीची नळी हवा ओढे, दाब पडे आणि इंजिन स्वतःला वाचवायला बंद होई. नांगर टाकले तरी जहाज किनाऱ्याकडे वाहत गेलं आणि खडकांपासून जहाजाच्या लांबीहूनही कमी अंतर उरलं असा अंदाज आहे. इंजिनं पुन्हा सुरू झाली तोवर आणि नंतरही हेलिकॉप्टरने एकेकाला दोरीने उचलत ४७९ जणांना बाहेर काढलं. मध्येच त्याच भागात हागलान्द कॅप्टन या मालवाहू जहाजाचं इंजिन बंद पडलं आणि हेलिकॉप्टरं त्याच्या नऊ खलाशांकडे वळवावी लागली. आडोसा असलेल्या मार्गावर इंजिन बंद पडलं तर नांगराला वेळ मिळतो. इथे तो मिळत नाही.

पश्चिमेला, आउक्रा नगरपालिकेतल्या गोस्सा बेटावर, न्यूहाम्ना वायुप्रकल्प आहे. ओर्मेन लांगे क्षेत्रातला वायू २००७ पासून तिथे येतो आणि १,१६६ किलोमीटरच्या वाहिनीने इंग्लंडला जातो. फ्रॅनाच्या कित्येक लोकांनी तिथे काम केलं, मालमत्ता-कर मात्र आउक्राच्या तिजोरीत पडतो. २०२० च्या विलीनीकरणात आउक्रा स्वतंत्र राहिलं. फ्रॅना आणि ऐदेकडे अशी तिजोरी नव्हती.

वेवांगला पोचलं की ८.३ किलोमीटरचा अटलांटिक रोड सुरू होतो. आठ पूल, १९८९ मध्ये खुला, बांधताना बारा वादळं आली. सर्वांत मोठा स्टोरसेइसुंदे पूल २६० मीटरचा. पुलावर गाडी थांबवू नये. आधीच्या-नंतरच्या थांब्यांवर लावून पायवाटेने जावं. बाजूचा वारा पुलाच्या माथ्यावर एकदम लागतो, उंच कॅम्पर गाडीने वेग आधीच कमी करावा. शरदातल्या वादळात रस्ता कधीकधी बंद ठेवतात, निघण्यापूर्वी रस्ते विभागाची सूचना आणि वाऱ्याचा अंदाज मीटर प्रति सेकंदात पाहावा. १५ च्या वर असेल तर दार उघडताना घट्ट धरावं, वाऱ्याने बिजागरी वाकते आणि भाड्याच्या विम्यात ते नुकसान बहुधा धरत नाहीत.

पुढे आवेरॉय बेट ओलांडून क्रिस्तियानसुंदला जाणारा समुद्राखालचा बोगदा ५.७ किलोमीटरचा, २५० मीटर खोल उतरतो. टोल आता नाही. उतार दहा टक्क्यांपर्यंत आहे, खाली जाताना गाडी खालच्या गियरमध्ये ठेवावी, ब्रेकवर पाय दाबून धरू नये. विजेची गाडी असेल तर बॅटरी पूर्ण भरून बोगद्यात शिरू नये. भरलेली बॅटरी उताराची ऊर्जा परत घेऊ शकत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो.